बाल्टिमोर विरुद्ध वेल्स फार्गो: आधी नाकारलेलं, मग गळ्यात मारलेलं कर्ज

जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने वेल्स फार्गो या बड्या बँकेला संघीय न्यायालयात खेचलं. बँकेने शहराचे पैसे बुडवले होते असं काही नव्हतं आणि शहराने तिच्याकडून कर्जही घेतलेलं नव्हतं. शहराची तक्रार वेगळीच होती. बँकेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या हेरून तिथे महाग आणि न झेपणारी घरकर्जं विकली. ती थकली, घरं जप्त झाली, ओस पडली आणि त्या ओस घरांचा खर्च महापालिकेच्या माथी आला. हा खर्च बँकेने भरून द्यावा, अशी मागणी होती. आधार होता फेअर हाउसिंग ॲक्टचा, म्हणजे घरांच्या विक्रीत, भाड्यात आणि कर्जात वर्णभेदाला बंदी करणाऱ्या 1968 च्या कायद्याचा.

त्याच महिन्यात ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरानेही 21 बँका आणि वित्तसंस्थांवर दावा लावला, पण 'सार्वजनिक उपद्रव' या जुन्या कलमाखाली. क्लीव्हलँड हरलं. बाल्टिमोरने वर्णाचा मुद्दा धरला म्हणून त्याचा खटला टिकला, साडेचार वर्षं चालला, आणि एरवी बँकेच्या चार भिंतींत राहणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यामुळे कागदावर आल्या. वर्णभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवी देणारा, हाकलून लावणारा माणूस येतो. इथे त्याची फारशी गरजच पडली नाही. कमिशनचा तक्ता, पिनकोडची यादी आणि शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या वस्त्या एवढं पुरलं.

वस्ती आधी आखली गेली

1910 च्या उन्हाळ्यात जॉर्ज मॅकमेकन हे येलमधून कायदा शिकलेले कृष्णवर्णीय वकील बाल्टिमोरच्या मॅककलो स्ट्रीटवर एका ऐसपैस घरात राहायला आले. गल्ली गोऱ्यांची होती. घरावर दगड पडले, सभा झाल्या, अर्ज-विनंत्या झाल्या आणि डिसेंबरमध्ये महापौर बॅरी माहूल यांनी एका नियमावर सही केली. ज्या गल्लीत गोरे बहुसंख्य आहेत तिथे काळ्यांनी घर करायचं नाही, आणि काळे बहुसंख्य असतील तिथे गोऱ्यांनी. अमेरिकेत गल्लीगणिक वर्ण ठरवून देणारा हा पहिला शहरी कायदा. माहूल त्या काळात सुधारक म्हणून ओळखले जात, हेही नोंदवून ठेवायला हवं.

1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलच्या खटल्यात असे नियम रद्द ठरवले. मग तेच काम खरेदीखतात शिरलं: हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, अशी अट. 1948 पर्यंत न्यायालयं ही अट राबवत होती. त्याच्या जोडीला सरकारी नकाशे आले. मंदीच्या काळात बुडत्या घरमालकांना हात द्यायला 1933 मध्ये एक संघीय महामंडळ निघालं. त्याने शहराशहरांतल्या वस्त्यांना चार प्रती दिल्या आणि सगळ्यात खालच्या प्रतीला लाल रंग. बाल्टिमोरचा नकाशा 1937 चा आहे. या लाल नकाशाची ख्याती फार झाली आहे, पण महामंडळाची बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच वाटून झाली होती आणि त्यांत कृष्णवर्णीय कर्जदारही होते. खरा घाव घातला तो 1934 मध्ये निघालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. घरकर्जाला सरकारी हमी द्यायची की नाही हे ही संस्था ठरवी, आणि मिश्र किंवा कृष्णवर्णीय वस्तीला ती हमी नाकारी. हमी नाही म्हणजे बँक नाही, आणि बँक नाही म्हणजे तीस वर्षांच्या सावकाश हप्त्यांवर घर नाही. युद्धानंतर अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग ज्या एका साधनाने उभा राहिला, तेच साधन शेजारच्या वस्तीला बंद होतं.

बँक नसते तिथे दुसरा कोणीतरी येतो. 1955 ते 1965 या दहा वर्षांत शहराच्या पश्चिमेची एडमंडसन व्हिलेज ही वस्ती जवळजवळ पूर्ण गोरी होती ती जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय झाली. दलाल आधी गोऱ्यांना भीती घालत: 'ते' येताहेत, भाव पडणार, आताच विका. घाबरून स्वस्तात विकलेलं घर मग चढ्या भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला विकलं जाई, तेही अनेकदा करारावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच, आणि मध्ये हप्ते चुकले तर घरही गेलं, आधी भरलेलंही गेलं.

म्हणून जेव्हा 1968 चा कायदा झाला आणि 1977 मध्ये बँकांनी आपल्या परिसरातल्या गरीब वस्त्यांनाही कर्ज द्यावं असा कायदा झाला, तेव्हा बाल्टिमोरच्या या भागांत कर्जाची भूक दोन-तीन पिढ्यांची होती. घरं होती, काहींची तर पूर्ण फिटलेली. पण नावाजलेल्या बँकेची शाखा कोपऱ्यावर नव्हती, दर ताडून पाहायला दुसरा पर्याय नव्हता, आणि साधं सरळ घरकर्ज कसं दिसतं हे घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. पैसे विकणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

आपल्याकडेही बँकांच्या वसुली आणि कर्जविभागात 'निगेटिव्ह एरिया' (जिथल्या पत्त्यावर कर्ज द्यायचं टाळतात अशी वस्ती) हा शब्द अगदी सहज, चहा पिता पिता बोलला जातो, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग फार समजावून सांगावा लागू नये.

तक्त्यातला फरक

सबप्राइम कर्ज म्हणजे ज्यांची पत कमी आहे त्यांना चढ्या व्याजाने दिलेलं कर्ज. कल्पना म्हणून यात गैर काही नाही, जोखीम जास्त तर दर जास्त. प्रश्न असा की ज्यांची पत चांगली होती त्यांनाही हेच कर्ज दिलं गेलं का?

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. दीड लाख डॉलरचं कर्ज, मुदत तीस वर्षं. सहा टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे 899 डॉलर, नऊ टक्क्यांनी सुमारे 1,207. महिन्याला 308 डॉलर जास्त, आणि पूर्ण मुदतीत एक लाख दहा हजारांच्या वर. दीड लाखाच्या कर्जावर एक लाख दहा हजारांचा जादा भुर्दंड. तोही दर स्थिर राहिला असं धरून. त्या काळातली पुष्कळ सबप्राइम कर्जं पहिली दोन वर्षं एका दराने आणि पुढची अठ्ठावीस वर्षं बाजाराप्रमाणे बदलत्या दराने असत. दोन वर्षं झाली की हप्ता उडी मारी, आणि त्याआधी कर्ज फेडून बाहेर पडू म्हटलं तर दंड. शिवाय देशभरातली बहुसंख्य सबप्राइम कर्जं नव्या घरासाठी नव्हतीच. आधीच घर असलेल्या माणसाने तेच घर पुन्हा गहाण ठेवून घेतलेली ती कर्जं होती. गरिबांना घर मिळवून द्यायला गेले आणि हात पोळले, असं नंतर जे ऐकवलं गेलं, त्याला इथेच तडा जातो.

खटल्याचा पाया एका रकान्यात होता. बँकांनी घरकर्जाच्या अर्जांची माहिती जाहीर करावी असा कायदा 1975 चा. त्यात अर्जदाराचा वर्ण 1990 पासून नोंदला जाऊ लागला, आणि कर्ज नेहमीच्या दरापेक्षा फार महाग आहे का, ही नोंद 2004 च्या कर्जांपासून. तोवर कर्ज मिळालं की नाही एवढंच कळत होतं, कोणत्या दराने मिळालं ते कळत नव्हतं. हा नवा रकाना उघडल्यावर बाल्टिमोरच्या वकिलांना जे दिसलं ते त्यांनी दाव्यात मांडलं: 2006 मध्ये वेल्स फार्गोने शहरातल्या आपल्या कृष्णवर्णीय कर्जदारांपैकी 65 टक्क्यांना महागडं कर्ज दिलं होतं, गोऱ्यांपैकी 15 टक्क्यांना.

यावर बँकेचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते अगदीच पोकळही नव्हतं: दर पतीवर ठरतो, वर्णावर नाही. अर्जदाराची पत किती, हे त्या सार्वजनिक नोंदींत नव्हतं. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर खटला लटकला असता.

तो पुढे सरकला आतल्या माणसांमुळे. 2009 च्या जूनमध्ये बँकेच्या दोन माजी कर्ज-अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बाहेर आली. एक गोरी बाई, सबप्राइम कर्ज विकण्यात बँकेत अव्वल. एका वर्षात तिने सात लाख डॉलरहून अधिक कमिशन मिळवलं होतं. दुसरा कृष्णवर्णीय पुरुष. त्याने लिहून दिलं की या कर्जांना ऑफिसात 'घेट्टो लोन' म्हणत आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना 'चिखलातली माणसं'. वर्तमानपत्रांनी साहजिकच हे दोन शब्द उचलले. माझ्या मते हा मजकुरातला सगळ्यात कमी कामाचा भाग. ऑफिसातलं घाणेरडं बोलणं बंद करायला एक परिपत्रक पुरतं.

कामाचा भाग आहे तो पगाराचा. बाईच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे सबप्राइम कर्ज विकणाऱ्याला साध्या कर्जापेक्षा जास्त कमिशन मिळे. साधं कर्ज विकणाऱ्या सहकाऱ्याकडे चांगल्या पतीचं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ते सबप्राइमच्या टेबलावर सरकवणं परवडे, कारण मग त्या कमिशनमध्ये त्याचा वाटा असे. गिऱ्हाइकाला वळवायच्या युक्त्याही साध्या होत्या. तुमच्याकडे सुरुवातीला भरायला पैसे आहेत? राहू द्या, नका भरू. पगाराचे कागद आहेत? कशाला ती कटकट, त्याशिवायही होतं. बिचाऱ्याला वाटे, बँक सोय बघतेय. प्रत्यक्षात कागद न जोडल्यामुळे आणि सुरुवातीची रक्कम न भरल्यामुळे तेच कर्ज नियमाने सबप्राइमच्या खणात जाऊन पडे. कुणाला सांगायचं, लवकर व्हायला हवं असेल तर हाच एक मार्ग आहे. या युक्त्यांसाठी कागदावर खोटं लिहायची गरजच नव्हती. फक्त खरं काय ते सांगितलं जात नव्हतं.

मग गिऱ्हाईक शोधायचं कुठे? कृष्णवर्णीय चर्चमध्ये. तिथे 'संपत्ती कशी उभारावी' अशा नावाची शिबिरं भरवली जात. पाळकाचा शब्द वस्तीत चालतो हे ओळखून त्याला आधी गाठायचं, घेतलेल्या कर्जामागे चर्चला देणगीचं आमिष ठेवायचं. या बाईला सांगण्यात आलं की बोलतील ते कृष्णवर्णीय कर्मचारीच. तुला यायचं असेल तर कोणाची तरी बॅग उचलून ये. बाल्टिमोर आणि जवळच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतले पिनकोड ठरलेले होते. दोन्हीकडे कृष्णवर्णीय बहुसंख्य, आणि प्रिन्स जॉर्जेस तर देशातल्या सगळ्यात सुखवस्तू कृष्णवर्णीय भागांपैकी एक. गोऱ्यांची हॉवर्ड काउंटी जवळच होती, पण त्या यादीत नव्हती. गरिबी हाच निकष असता तर यादी वेगळी दिसली असती. दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात आणखी एक तपशील आहे: जाहिरातीची पत्रकं छापणाऱ्या संगणकात भाषा निवडायची सोय होती, आणि त्या भाषांच्या यादीत 'आफ्रिकन अमेरिकन' हाही एक पर्याय होता. कोणीतरी बसून तो पर्याय घातला असेल, कोणीतरी तपासला असेल, मंजूर केला असेल.

बँकेने हे सगळं नाकारलं. पण 2011 च्या जुलैमध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, हिने वेल्स फार्गोला साडेआठ कोटी डॉलरचा दंड केला. कारण असं की तिच्या एका उपकंपनीत साध्या कर्जाला पात्र असलेल्यांना सबप्राइमकडे वळवलं जात होतं आणि काही अर्जांत उत्पन्नाचे आकडे फिरवले जात होते. त्या आदेशात वर्णाचा उल्लेख नाही. तरी बाल्टिमोरच्या प्रतिज्ञापत्रांतली विक्रीची रीत आणि फेडरल रिझर्व्हच्या आदेशातली रीत शेजारी ठेवली की एकाच हाताची वाटते.

आणि एक खुलासा. 2008 च्या आर्थिक संकटानंतर काही मंडळींनी 1977 च्या कायद्यावर खापर फोडलं: सरकारने गरिबांना कर्ज द्यायला भाग पाडलं म्हणून बँका बुडाल्या. फेडरल रिझर्व्हनेच आकडे तपासले. 2005-06 मधल्या महागड्या कर्जांपैकी जेमतेम 6 टक्के कर्जं या कायद्याच्या कक्षेतल्या बँकांनी कायद्याला अपेक्षित अशा गरीब कर्जदारांना किंवा वस्त्यांना दिलेली होती. उरलेली 94 टक्के देण्याची सक्ती कोणी केली नव्हती. ती हौसेने दिली गेली, कारण कर्ज दिलं की ते गठ्ठ्यात बांधून वॉल स्ट्रीटवर विकता येई आणि थकण्याची चिंता पुढच्याची होई.

रिकाम्या घराचं बिल

बाल्टिमोरची घरं पाहिल्याशिवाय शहराचं गाऱ्हाणं कळत नाही. विटांची, अरुंद, दोन-तीन मजली घरं एकमेकांना खेटून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दाराशी दोन-चार पायऱ्या, कित्येक ठिकाणी पांढऱ्या संगमरवराच्या. दोन घरांत भिंत एकच. चाळीत मधली खोली बंद पडून तिचं छप्पर गळू लागलं की ओल दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांत उतरते, तसं इथे घराचं होतं. शेजारी हप्ता वेळेवर भरत असतो, पायऱ्या घासत असतो, पण त्याची भिंत पलीकडून भिजत असते. मग उंदीर, मग तांब्याचे पाइप उचकटून नेणारे चोर, मग नशा करणारे, आणि थंडीत कोणीतरी शेकोटी पेटवली की आग. विमा कंपनी हात आखडते, घराचा भाव उतरतो, आणि त्या घराच्या जिवावर काढायचं कर्जही मिळेनासं होतं.

वेल्स फार्गोच्या 2005 ते 2008 मधल्या ज्या कर्जांवर बाल्टिमोरमध्ये जप्तीची कारवाई झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक घरं 2009 च्या मध्यापर्यंत ओस पडली होती, आणि त्या ओस घरांपैकी 71 टक्के कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांत होती. दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकायला महापालिकेची माणसं, पोलीस पाठवायचे तर महापालिकेचे, आगीचा बंब महापालिकेचा. मालमत्ता कर मात्र येत नाही, आणि आजूबाजूच्या घरांचे भाव पडल्यामुळे त्यांचाही कर घटतो. 24 जानेवारी 2022 ला साउथ स्ट्रिकर स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घराला आग लागली आणि छत कोसळून अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. त्या घराचा या खटल्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. रिकामं घर शहराला काय किमतीला पडतं, त्याची ही पावती.

कोर्टाने विचारलेला प्रश्न

खटला दाखल करणाऱ्या महापौर शीला डिक्सन स्वतःच मध्ये अडकल्या. गरजूंसाठी आलेली भेट-कार्डं लाटल्याबद्दल त्या दोषी ठरल्या आणि 2010 च्या फेब्रुवारीत पायउतार झाल्या. खटला शहराचा होता म्हणून तो त्यांच्याबरोबर बुडाला नाही.

बुडता बुडता मात्र वाचला. 2010 च्या जानेवारीत न्यायाधीश फ्रेडरिक मॉट्झ यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शहरात हजारो घरं ओस आहेत, त्यांतली या बँकेच्या कर्जामुळे ओस पडलेली अगदी थोडी. बाकीच्या वस्तीची दैना कारखाने बंद पडल्यामुळे, बेकारीमुळे, गुन्ह्यांमुळे झाली. ते सगळं या एका बँकेच्या खात्यावर कसं टाकता?

प्रश्न रास्त आहे, आणि या प्रकरणाची खरी गाठ इथेच आहे. नुकसान घाऊक होतं आणि पुरावा किरकोळीत मागितला जातो. वस्ती आधीच खिळखिळी केलेली होती, म्हणून तिथे विकलेलं वाईट कर्ज जास्त लागलं. पण वस्ती आधीच खिळखिळी होती, हाच बँकेचा बचाव झाला. जुन्या अन्यायाने नव्या अन्यायाचे ठसे पुसून टाकावेत, अशी ही व्यवस्था. गोऱ्या वस्तीत एखादं घर ओस पडलं असतं तर कारण बोट ठेवून दाखवता आलं असतं.

शहराने दावा पुन्हा लिहिला. 2010 च्या सप्टेंबरमध्ये तोही फेटाळला गेला. तिसऱ्यांदा शहराने मागणी आखडून ठरावीक घरांपुरती आणली: हे घर, हा पत्ता, हे कर्ज, साधं कर्ज मिळालं असतं तर हप्ता इतका झाला असता आणि कुटुंब तगलं असतं, घर ओस पडल्यावर आमचा इतका खर्च झाला. 2011 च्या एप्रिलमध्ये मॉट्झ यांनी हा दावा चालू दिला. म्हणजे बँकेने गठ्ठ्याने विकलेल्या कर्जांचा हिशेब शहराने एकेका उंबऱ्यावर जाऊन मांडायचा. तेही वकील आणि अभ्यासक जमवू शकणारं शहर होतं म्हणून जमलं.

तडजोड

निकाल लागलाच नाही. 12 जुलै 2012 ला अमेरिकेच्या न्याय विभागाने वेल्स फार्गोशी साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली आणि बाल्टिमोरचा खटलाही तिच्यात मिटला. न्याय विभागाच्या तक्रारीप्रमाणे 2004 ते 2009 या काळात 36 राज्यांत आणि वॉशिंग्टन डी.सी.त मिळून सुमारे 34,000 कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) कर्जदारांना जास्त शुल्क तरी लावलं गेलं किंवा पात्रता असूनही सबप्राइम कर्ज दिलं गेलं. ही कर्जं स्वतंत्र दलालांमार्फत आलेली होती. बँकेने दलालाला ठरलेल्या दरावर आपल्या मर्जीने वाढ करायची मुभा दिली होती, आणि ती वाढ कर्जदाराच्या जोखमीशी निगडित नव्हती. आता मर्जी कोणावर चालते? शिकागोत 2007 मध्ये तीन लाख डॉलरचं कर्ज घेणाऱ्या कृष्णवर्णीय कर्जदाराने तशाच पतीच्या गोऱ्या कर्जदारापेक्षा सरासरी 2,937 डॉलर शुल्क जास्त भरलं, हिस्पॅनिक कर्जदाराने 2,187. पतीचा बचाव इथे उरत नाही, कारण तुलना सारख्या पतीच्यांचीच आहे.

साडेसतरा कोटींपैकी साडेबारा कोटी कर्जदारांच्या भरपाईसाठी. भागाकार केला तर माणशी सुमारे 3,700 डॉलर. उरलेले पाच कोटी सर्वाधिक फटका बसलेल्या काही शहरी भागांत नवं घर घेणाऱ्यांना सुरुवातीची रक्कम भरायला मदत म्हणून. बाल्टिमोरच्या वाट्याला मदतीचे 75 लाख आले, आणि पाच वर्षांत शहरात साडेबेचाळीस कोटींची कर्जं देण्याचं बँकेचं उद्दिष्ट. कर्ज देणं हा बँकेचा धंदाच आहे, त्यामुळे ही शिक्षा कोणत्या अर्थाने, हे मला अजून उमगलेलं नाही. दलालांमार्फत कर्ज देणं बँकेने बंद करून टाकलं. शाखांतून थेट दिलेल्या कर्जांची, म्हणजे ज्यांच्याबद्दल ती दोन प्रतिज्ञापत्रं होती त्यांची, तपासणी बँकेने स्वतःच करायची असं ठरलं. आणि गुन्हा कबूल? नाही. बँकेने सर्व आरोप नाकारले आणि केवळ दीर्घ खटला टाळण्यासाठी तडजोड केल्याचं सांगितलं.

2011 मध्ये वेल्स फार्गोचा निव्वळ नफा सुमारे 1,590 कोटी डॉलर होता. साडेसतरा कोटी म्हणजे चार दिवसांची कमाई. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये, बाल्टिमोरचा खटला चालू असतानाच, सरकारने बँका वाचवण्याच्या योजनेतून याच बँकेत 2,500 कोटी डॉलर घातले होते. ते तिने पुढच्या वर्षी परत केले, हे खरं. पण अडचणीच्या वेळी तिला मुदत मिळाली, भांडवल मिळालं. कर्जदारांच्या दारावर तोवर जप्तीची नोटीस लागलेली होती.

घर हीच या कुटुंबांची एकमेव बचत होती, त्यामुळे घसरण सारखी झाली नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे 2005 ते 2009 मध्ये मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 16 टक्क्यांनी घटली, कृष्णवर्णीय कुटुंबाची 53 टक्क्यांनी. 2009 मध्ये उरलं काय? एकाकडे 1,13,149 डॉलर, दुसऱ्याकडे 5,677. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं प्रमाण 2004 च्या सुमारास 49 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. 2019 मध्ये ते 41 च्या जवळ उतरलं होतं.

दार पुन्हा लोटलं गेलं

कायद्यात बदल झाला. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने कर्ज विकणाऱ्याचं कमिशन दरावर ठरवायला बंदी केली. म्हणजे त्या बाईचा पगार ज्या तक्त्यावर चाले, तो तक्ताच बेकायदा झाला. या सगळ्या प्रकरणातून काही टिकाऊ निघालं असेल तर ते हेच, आणि ते कोर्टातून आलं नाही, संसदेतून आलं.

शहरांच्या बाजूने पुढची लढाई मायामीने केली. वेल्स फार्गो आणि बँक ऑफ अमेरिका यांच्याविरुद्धचा तिचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. 1 मे 2017 ला 5 विरुद्ध 3 असा निकाल आला: 1968 च्या कायद्याखाली शहराला दावा लावता येतो, पण नुकसान पुढे होईल हे दिसत होतं एवढं पुरेसं नाही, बँकेचं कृत्य आणि शहराचा तोटा यांत थेट नातं दाखवावं लागेल. मॉट्झ यांनी बाल्टिमोरला घातलेली अट देशाची अट झाली.

संकटानंतर बँकांनी कर्जाच्या अटी आवळल्या. 2020 मध्ये व्याजदर तळाला गेले आणि जुनं महाग कर्ज फेडून स्वस्त कर्ज घ्यायला अमेरिकेत झुंबड उडाली. हप्ता कमी करून घेण्याची अशी संधी पिढीतून एकदा येते. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने 2022 मध्ये 2020 च्या नोंदी तपासल्या, त्याच जाहीर नोंदींमधल्या ज्यांच्यावर बाल्टिमोरचा दावा उभा होता. वेल्स फार्गोने पूर्ण भरलेल्या अर्जांपैकी गोऱ्या घरमालकांचे 72 टक्के मंजूर केले होते आणि कृष्णवर्णीय घरमालकांचे 47 टक्के. बँकेचं म्हणणं, निकष सर्वांना एकच आहेत आणि फरक पतीमुळे पडतो. कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात कर्जदारांनी त्यावर खटले भरले.